तिसऱ्या माडापासून चार पावले

सेप्टिक टँक ही घराची अशी एकमेव खोली आहे जिचा पत्ता घरमालकाला माहीत नसतो. व्याख्या द्यायची तर ती जमिनीखाली बांधलेली, झाकणबंद, न गळणारी टाकी असते. शौचकूपातला मैला तिच्यात येऊन थांबतो, जड असेल ते तळाला बसते, हलके ते वर तरंगते आणि मधले त्यातल्या त्यात निवळलेले पाणी पुढे शोषखड्ड्याकडे जाते. हर्णेत तिला नुसते 'टाकी' म्हणतात. गच्चीवर पाण्याचीही टाकीच असते, त्यामुळे 'अहो, टाकी भरली!' ही हाक ऐकून मोटर बंद करायला धावायचे की दापोलीला फोन लावायचा, हे हाकेतल्या सुरावरून ठरवावे लागते. घरमालक नेहमी आधी मोटरच बंद करतो. आशा वाईट असते.

हर्णे हे दापोली तालुक्यातले मासेमारीचे बंदर. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर त्याच्या पाठीराख्यांसारखे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवागड, आणि पुळणीवर मासळीचा लिलाव. या लिलावात पापलेटाचा, सुरमईचा, कोळंबीचा भाव चारचौघांत ओरडून ठरतो. कोणाच्या होडीला काय मिळाले, कोणाचे जाळे फाटले, कोण कोणाला पैसे देणे लागतो, सगळे उघड्यावर चालते. कुजबुजून बोलायचा विषय गावात एकच. मासळीच्या वासाला जिथे कोणी वास म्हणत नाही, तिथे टाकीचा वास आला की घरातले एकमेकांकडे न बघता म्हणतात, "उंदीर-बिंदीर मेलाय वाटतं कुठंतरी." हा उंदीर साधारण दीड महिना मरत राहतो.

टाकीकडे दुर्लक्ष करण्याची परंपरा मात्र हर्णेकरांची नव्हे, ती फ्रान्सहून आलेली आहे. व्हझूल नावाच्या गावी जाँ-लुई मुरास या गृहस्थाने १८६० च्या सुमारास घरामागे एक बंद हौद बांधला आणि घरातला सगळा मैला त्यात सोडला. पुढे बारा वर्षांनी तो उघडला तेव्हा जितका गाळ असायला हवा होता त्याच्या मानाने फारच थोडा निघाला, असे सांगतात. १८८१ मध्ये मुरासने या हौदाचे पेटंट घेतले. शास्त्रज्ञांनी यावरून हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचे काम ओळखले. घरमालकांनी मात्र बारा वर्षे उघडले नाही तरी चालते एवढेच उचलले. 'सेप्टिक टँक' हे नाव इंग्लंडमधल्या एक्झेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन या अभियंत्याने १८९५ च्या सुमारास दिले. 'सेप्टिक' म्हणजे कुजवणारी. कुजवण्यासाठी मुद्दाम बांधलेली ही घरातली एकच वस्तू. बाकीचे सगळे आपोआप कुजते, विशेषतः कोकणात पावसाळ्यात.

बांधकामाचे नियम भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २४७० या मानकात दिले आहेत. टाकीची रुंदी किमान ७५० मिलिमीटर, पाण्याची खोली किमान एक मीटर, आत मावणारे पाणी किमान १००० लिटर आणि लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट. लांबट आकाराला कारण आहे. एका टोकाने आलेले पाणी दुसऱ्या टोकाने निघेपर्यंत त्याला निवांत वेळ मिळाला पाहिजे, निदान एखादा दिवस तरी. चौकोनी टाकीत ते दारातून आले की दारातून जाते, गणपतीच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यासारखे.

गवंड्याचे मानक याहून सोपे असते.

"माणसं किती घरात?"

"पाच."

"मग एवढी बास." असे म्हणून तो दोन्ही हात पसरतो. मानक पुस्तकात असते, हात अंगाला असतात.

इथे 'पाच' हा आकडा तपासून घेण्यासारखा आहे. घर बांधताना पैसे गवंड्याला द्यायचे असतात म्हणून घरात पाच माणसे असतात. गौरी-गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की तीच पाच माणसे एकोणीस होतात. आणि न्याहारी-निवासाची पाटी लावल्यावर दर शनिवारी पुण्याहून दोन गाड्या भरून जी माणसे येतात, ती मोजायची पद्धत नाही. त्यांच्या फक्त थाळ्या मोजतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले, त्यांत सुवर्णदुर्ग आहे. गावाची मान उंचावली. जागतिक वारसा पाहायला येणारा प्रत्येक माणूस सकाळी उठून कुठे जातो, याचा विचार त्या यादीत नसावा. तो भार शेवटी गवंड्याच्या पसरलेल्या दोन हातांवरच पडतो.

कोकणातल्या बांधणीचा खास दोष जांभ्यात आहे. चिरे लावून टाकी बांधली, आतून गिलावा करताना सिमेंट संपले, आणि तळ 'तसाच' ठेवला, की ती टाकी राहत नाही; ती विहीर होते, फक्त उलट्या दिशेची. जांभा सच्छिद्र, पुळणीजवळची जमीन वाळूची. जे आत जाते ते झिरपून निघून जाते. अशा टाकीचा मालक गावात ताठ मानेने फिरतो. "आमची पंचवीस वर्षांत एकदाही भरली नाही," हे वाक्य तो मुलगी पहायला आलेल्या मंडळींनाही सांगतो. न भरणारी टाकी ही फुटक्या घागरीसारखी असते, हे त्याला कोणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याचीही तशीच असते. पिण्याच्या पाण्याची विहीर शोषखड्ड्यापासून निदान १८ मीटर दूर हवी असे तेच मानक सांगते. आगरांचे पट्टे अरुंद असल्याने १८ मीटर मोजत गेले की बहुतेकदा गडगा ओलांडावा लागतो. मग स्वतःच्या विहिरीपासूनचे अंतर नियमात बसते आणि शेजाऱ्याच्या विहिरीपासून सहा पावले उरतात. शेजाऱ्याच्या टाकीचेही तसेच असते. दोन्ही घरे एकमेकांच्या घरी चहा पितात आणि "तुमच्या पाण्याला काय चव आहे हो!" असे मनापासून म्हणतात.

आतल्या कारभाराचे वर्णन थोडक्यात करता येते. तळाला गाळ, वर तेलकट साय, मध्ये पाणी. हवेशिवाय जगणारे जिवाणू गाळ खातात आणि त्याचा बराच भाग वायू व पाणी करून टाकतात. जे खाता येत नाही ते साठत जाते. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तोंडांना टी आकाराचे पाइप असतात, त्यांचे खालचे टोक पाण्यात बुडालेले असते, म्हणजे साय बाहेर पळत नाही. वायू जाण्यासाठी उंच नळी. तिच्या तोंडावर जाळी हवी, नाहीतर टाकी डासांचे माहेर होते. जाळी बसवा म्हणून आरोग्य खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे. हर्णेत ही जाळी पहिल्या पावसाळ्यातच वाऱ्याने उडते आणि तिच्या जागी घरातला जुना पायमोजा बांधला जातो. तो उपाय चांगला आहे. फक्त पुढच्या वर्षी शाळेचा दुसरा पायमोजा सापडत नाही तेव्हा मुलाला मार बसतो.

हे जिवाणू कोणी विकत आणावे लागत नाहीत. ते माणसाबरोबरच येतात आणि फुकट काम करतात. घरमालकाला फुकटच्या कामावर विश्वास नसतो. कोणी गूळ आणि यीस्ट घालतो, कोणी शेणाचा काला, कोणी चार दिवसांचे आंबट ताक. डोंबिवलीच्या मेव्हण्याने पाठवलेल्या निरोपानुसार कोणी पाकिटातली पावडर महिन्याला एक चमचा सोडतो. यातल्या कशानेही गाळ उपसायची वेळ टळत नाही. गंमत अशी की ज्या हाताने ही पावडर पडते, त्याच घरातला दुसरा हात दर रविवारी शौचकूपात अॅसिडची अख्खी बाटली आणि वर फिनेल ओततो, कारण पाहुण्यांना भांडे लखलखीत दिसले पाहिजे. रविवारी मेलेल्या जिवाणूंच्या जागी सोमवारी नवे भरती केले जातात. सैन्यातही इतकी उलथापालथ नसते.

टाकीत काय जाऊ नये, याची यादी लांब असली तरी तिचा सारांश पाणी, मैला आणि (वापरलाच तर) कागद यांखेरीज काहीही नाही, असा करता येतो. माशांची खवले, कोळंबीची सोलटे, तळणीचे तेल, भाताची पेज, बाळाचे लंगोट, सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, विडीची थोटके, यांतले काहीही जिवाणूंच्या जेवणात बसत नाही. तेल सायीत भर घालते, कापडासारख्या वस्तू पाइपात अडकून बसतात. न्याहारी-निवासवाल्यांनी याबद्दल पाटी लावावी, असे तज्ज्ञ सांगतात. हर्णेत एका ठिकाणी लावलेली पाटी अशी: 'कृपया भांड्यात काहीही टाकू नये.' दोन दिवसांनी पाहुण्यांनी विचारले, "मग आम्ही जायचं कुठं?" पाटी काढण्यात आली.

न्हाणीचे पाणीही टाकीत सोडू नये. जुन्या घरांत ते मागीलदारी अळवाला, केळीला आणि माडाच्या आळ्याला जाई. नव्या घरात गवंडी दोन पाइपांऐवजी एक पाइप टाकतो, पाइप वाचतो आणि टाकीतले शांत पाणी वीस बादल्यांच्या लोंढ्याने ढवळून गाळासकट शोषखड्ड्यात जाते. शोषखड्डा एकदा गाळाने तुंबला की टाकी कितीही उपसा, पाणी पुढे जात नाही.

भरल्याची लक्षणे ठरलेली आहेत. भांड्यातून पाणी जाताना घुटमळते. रात्री पाइपातून कोणी गुळण्या करत असल्याचा आवाज येतो. शोषखड्ड्याभोवतीची जमीन उन्हाळ्यातही ओलसर राहते. घरमालकाचे निदान या क्रमाने चालते: पावसामुळे असेल, पाइपात पाला गेला असेल, सूनबाई पाणी फार ओततात, सूनबाई पाणी कमी ओततात. टाकी भरली असेल हे निदान सर्वांत शेवटी येते, आणि ते करणारी व्यक्ती सूनबाईच असते.

नियमाने दर दोन-तीन वर्षांनी टाकी उघडून गाळ मोजावा. लांब काठीला पांढरे फडके गुंडाळून तळापर्यंत घालायची, क्षणभर धरायची, हळू वर काढायची. काळा डाग जिथवर येतो तिथवर गाळ. गाळ आणि साय मिळून टाकीचा तिसरा हिस्सा व्यापला की उपसा करायचा. हे काम दिवाळीनंतर, जमीन सुकल्यावर करणे उत्तम. दापोलीकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जमिनीतले पाणी वर आलेले असताना टाकी रिकामी केली की बाहेरचे पाणी तिला दाबते, आणि हलकी प्लास्टिकची टाकी असेल तर ती होडीसारखी वर उचलली जाते. हर्णेत होड्यांची कमतरता नाही.

उपशाची वेळ प्रत्यक्षात ठरवतो तो गणपती. लेखकाच्या अगदी जवळचा एक घरमालक आहे. इतका जवळचा की दोघांचे वीजबिल एकच येते. त्याच्या टाकीने गणेशचतुर्थीच्या तीन दिवस आधी, चौदा पाहुणे मुंबई सोडून निघालेले असताना, पाणी परत पाठवायला सुरुवात केली. टाकी उपसायची म्हणजे आधी उघडायची आणि उघडायची म्हणजे आधी शोधायची. घराण्यात टाकीचा नकाशा तोंडी चालत आलेला होता. वडील सांगून गेले होते: "मागीलदारी, समुद्राकडं तोंड करून, तिसऱ्या माडापासून चार पावलं."

अडचण एवढीच की ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. श्रीवर्धन, मुरुड, हर्णे, आंजर्ले, केळशी या सगळ्या पट्ट्यात माडपोफळी मुळासकट झोपल्या. या आगरातले अकरा माड पडले आणि उरलेल्या तीनांत तिसरा होता की नव्हता, हे सांगणारा कोणी उरला नव्हता. माडाची नुकसानभरपाई मागण्याचा अर्ज होता. माड ही खूण असल्याबद्दलची भरपाई मागायला रकाना नव्हता.

"तिसरा म्हणजे कुठून तिसरा?" घरमालकाने आईला विचारले.

"विहिरीकडून."

डोंबिवलीच्या काकांना फोन लागला. "विहिरीकडून कसा? रस्त्याकडून. मी स्वतः उभा होतो तेव्हा."

"काका, तुम्ही तेव्हा चौथीत होता."

"म्हणून काय झालं? चार मोजता येत होते ना मला!"

मग पावलांचा प्रश्न. वडील उंचापुरे, त्यांचे पाऊल मोठे. आईचे म्हणणे वेगळे पडले. "धोतर नेसून चालायचे ते. धोतरात पाऊल केवढं पडणार?" घरमालकाने धोतरातले पाऊल टाकून पाहिले, लुंगीतले टाकून पाहिले. गडग्यावरून शेजारचे काका बघत होते. "नाचाची तालीम चाललीय का रे? यंदा भजन की शक्तितुरा?" असे त्यांनी विचारले.

पहिल्या खड्ड्यात पहार थेट नळाच्या पाइपावर बसली. गावाला पाणी एक दिवसाआड येते. नेमका तो दिवस होता. दुसऱ्या खड्ड्यात पस्तीस वर्षांपूर्वी हरवलेला पाटा सापडला. त्यावरून आईने तेव्हाच्या कामवाल्या बाईवर संशय घेतला होता. ती आता हयात नाही, त्यामुळे तो संपूर्ण दिवस आई हळहळत राहिली आणि पाटा घासत राहिली. तिसऱ्या खड्ड्यासाठी न्याहारी-निवासाकरिता नुकतेच बसवलेले लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक काढावे लागले. खाली वाळू, वाळूखाली खडी आणि खडीखाली अस्सल जांभा, शिवकाळापासून कोणी हात न लावलेला. १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तोफा डागून थोड्याच दिवसांत सुवर्णदुर्ग घेतला. त्याला किल्ला निदान दिसत तरी होता.

शेवटी ज्याने टाकी बांधली त्या गवंड्याला बोलावून आणले. वय झालेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तो ओटीवर बसला, चहा प्यायला आणि आगराकडे नुसती मान वळवून म्हणाला, "अळू सगळ्यात जास्त कुठं माजलंय?"

न्हाणीमागे, विहिरीपासून लांब, हत्तीच्या कानाएवढी पाने डुलत होती.

"मग तिथं खणा."

दोन फुटांवर पहार टणकन वाजली. टाकी तिथेच होती. तिथे ना तिसरा माड होता ना पहिला. वडिलांनी समुद्राकडे तोंड करून म्हटले होते तेव्हा ते बहुधा पाठ करून उभे होते. घरातला आनंद मात्र फार टिकला नाही, कारण त्याच अळवाचे फदफदे दरवर्षी ऋषिपंचमीला होत असे आणि सगळ्या पाहुण्यांनी आजवर "तुमच्याकडच्या अळवाची सर कुठल्याच अळवाला नाही" असे म्हटले होते. ती सर कशाची, हे आता कळले. यंदा अळू आंजर्ल्याहून आणण्यात आले. कारण कोणाला सांगितले नाही.

झाकण उघडताना एक गोष्ट काटेकोरपणे पाळायची असते: आत कोणीही उतरायचे नाही, डोकावायचे नाही, काडी ओढायची नाही. टाकीत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साठलेले असतात. दुसऱ्या वायूला सुरुवातीला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढले की तो नाकच बधिर करतो. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला, असे समजणारा माणूस काही क्षणांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरणारा दुसराही. देशात अशी माणसे दरवर्षी मरतात. २०१३ च्या कायद्याने माणसाला अशा टाकीत असुरक्षितपणे उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये ठरवली. कोकणाला हा विषय नवा नाही. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे आप्पासाहेब पटवर्धन १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. सफाईचे काम ठरावीक जातीच्या कैद्यांनाच का, ते मलाही द्या, यासाठी त्यांनी उपोषण धरले आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांना पाठिंबा म्हणून उपास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी माणसाला दुसऱ्याचा मैला उचलावा लागू नये अशा संडासांवर वर्षानुवर्षे काम केले. आजही "दोन माणसं मिळतील का हो, गाडीपेक्षा स्वस्तात?" असे विचारणारा घरमालक भेटतो. हाच घरमालक फावल्या वेळात आरत्या पाठ म्हणतो.

तेव्हा उपसा गाडीनेच. गाडी म्हणजे टाकी, पंप आणि जाड नळी बसवलेला ट्रक. एका खेपेला साधारण तीन ते पाच हजार लिटर नेणारा. हर्णेहून दापोली सोळा-सतरा किलोमीटर. फोन नेहमी एकाच वळणाने जातो.

"कधी उपसली होती शेवटची?"

"म्हणजे... तशी पहिलीच वेळ."

"घर कधीचं?"

"सत्त्याण्णव सालचं."

पलीकडे बराच वेळ कोणी बोलत नाही. मग आवाज येतो, "एका खेपेत नाय व्हायचं दादा. गाळ थापला असंल. आदी पाण्याचा मारा करावा लागंल. नि गाडी दारापर्यंत येती ना?"

"हो हो, अगदी दारापर्यंत."

हे दार म्हणजे घराचे नव्हे, वाडीच्या तोंडाशी असलेले. पुढे चिऱ्यांची पाखाडी, तिच्यावरून बैलगाडीही कधी गेलेली नाही. नळी चाळीस फुटांची असते आणि अंतर नव्वद फुटांचे, हे गाडी आल्यावर उघडकीस येते. तोपर्यंत वाडीतले सगळे जमलेले असतात. इतकी वर्षे कुजबुजून बोलायचा विषय आता भर रस्त्यात, निळ्या ट्रकवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला उभा असतो. पहिली दहा मिनिटे सगळे नाकाला रुमाल लावून उभे असतात. मग एकजण रुमाल जरासा सरकवून ड्रायव्हरला विचारतो, "आमचीपण बघाल का जरा? म्हणजे आलाच आहात तर." पाठोपाठ दुसरा. जोडनळी कुठूनतरी मिळते, आणि संध्याकाळपर्यंत पाखाडीवर लिलावच उभा राहतो. दर ओरडून ठरतात. पुळणीवर भाव वाढवण्यासाठी ओरडतात, इथे कमी करण्यासाठी, एवढाच फरक. पापलेटाच्या जोडीला मागेल ते देणारा माणूस इथे पन्नास रुपयांसाठी अर्धा तास उभा राहतो, कारण पापलेट घरात येते आणि हे जाते.

एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही: गाडी पुढे कुठे जाते? विचारायला हवा. उपसलेला मैला प्रक्रिया केंद्रावर जायला हवा. ओढ्यात, खाडीत किंवा घाटातल्या वळणावर नव्हे. साताऱ्याकडची वाई आणि नाशिककडचे सिन्नर या नगरपालिकांनी २०१८ मध्ये घरोघरच्या टाक्या ठरलेल्या पाळीने, साधारण तीन वर्षांतून एकदा, उपसायची पद्धत सुरू केली. घरमालकाने फोन करायचा नाही. पाळी आली की गाडीच येते. वाईच्या गणपतीला यामुळे किती मनःस्वास्थ्य लाभले असेल, याची कल्पना ज्याने चतुर्थीच्या आदल्या दिवशी पाखाडीवर नळी ओढली आहे त्यालाच येईल.

उपसा झाल्यावरची कामे थोडी आहेत. टाकी घासून धुवायची नाही. थोडा गाळ तळाला राहू द्यायचा, म्हणजे जिवाणूंचे विरजण राहते. टी पाइप तुटले नसल्याची खात्री बाहेरून, उजेडात करायची. चिऱ्यांना तडे गेले असतील तर दुरुस्ती, झाकणाला नवी कडी, आणि पाणी भरून टाकी पुन्हा चालू. तिच्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचे नाहीत, गाडी उभी करायची नाही, झाड लावायचे नाही.

राहिली नोंद. घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून टेपने अंतर मोजून ते तारखेसह लिहून ठेवावे. वीजबिलवाल्या घरमालकाने हे सर्व केले. नैऋत्य कोपऱ्यापासून सहा मीटर चाळीस, न्हाणीच्या भिंतीपासून दोन मीटर दहा. वही सापडेना म्हणून त्याने हे आकडे 'कालनिर्णय'च्या डिसेंबरच्या पानामागे ठळक अक्षरांत लिहिले, खाली उपशाची तारीख, गाडीवाल्याचा फोन आणि पुढच्या उपशाचे साल. आईला दाखवले. सूनबाईंना दाखवले. काकांना डोंबिवलीला फोटो पाठवला. काकांनी 'आकडे चुकीचे वाटतात' असे कळवले.

जानेवारीत नवे कॅलेंडर आले. जुन्या पानांचा कागद चांगला जाड असतो, म्हणून आईने तो सुक्या जवळ्याच्या डब्यात तळाला घातला.